नाक उघडल्यावर

महाड, १८ जानेवारी २०००

ताई,

पोचलो एकदाचे. माणगाव सोडल्यावर एस.टी.त पुढच्या बाकावरच्या पोरीला ओकारी झाली. आजवर मी अशी ओकारी नुसती पाहिली होती. त्या दिवशी इतक्या वर्षांनी तिचा वास आला. कंडक्टरनं वर माती टाकली, तर मातीचाही आला. तुझ्या त्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचा हा पहिला प्रसाद.

तू नर्स, तुला कशाचं काही वाटत नाही. नाकातली ती लांबलचक पट्टी ओढून काढताना मला वाटलं, आतडीच बाहेर येताहेत. आणि वर तू हौसेनं बाटली आणून दाखवलीस, "बघ गं संजू, तुझ्यातून काय काढलं!" ताडगोळ्याच्या गरासारखे ते मांसाचे घोस. एवढं सगळं मी नाकात घेऊन इतकी वर्षं हिंडत होते? मी जन्मात पुन्हा ताडगोळा खाणार नाही, तुला सांगून ठेवते. पण बाहेरून एक ओरखडा नाही, टाका नाही, हे मात्र खरं. शेजारणी येऊन माझं नाक उलटसुलट बघून गेल्या आणि काही दिसेना म्हणून हिरमुसल्या.

पहिल्या सकाळी चहात आलं घातलं आणि मी रडले. आपण वाडीवर होतो तेव्हाचा तो वास, मी तेरा वर्षांची असताना गेलेला. चहा गार होईस्तोवर नुसता हुंगत बसले. तेवढंच सुख. बाकीचं ऐक.

आमचं घर म्हणजे सुक्या मासळीच्या गोदामावरचा मजला, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होतं. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. बोंबील, जवळा, सोडे, आणि त्याखाली काहीतरी ओलं, कुजकं. उशीला तोच वास, भाताच्या वाफेला तोच, देवाच्या समईतल्या वातीलाही तोच. ह्यांच्या केसांना तर विचारू नकोस. बिचारे कौतुकानं जवळ आले, "आता घोरायची नाहीस ना?" म्हणाले, आणि मी श्वास रोखून भिंतीकडे तोंड केलं. प्रवासाचा शीण आहे म्हणाले. किती दिवस शीण सांगणार?

आता मला एकेक उलगडतंय. माझ्या आधी ह्यांनी दोन मुली पाहिल्या होत्या. सासूबाई मुलगी पाहायचा कार्यक्रम मुद्दाम गोदामात ठेवायच्या. पोह्यांची बशी हातात द्यायची आणि बोंबलांच्या पोत्यांना टेकून बसवायचं. जिनं पदर नाकाला लावला ती नापास. मी दोन बशा पोहे खाल्ले आणि तिसरी मागितली. "पोर वळणाची हाय," म्हणाल्या सासूबाई, आणि आपली आई किती दिवस वाडीभर ते सांगत होती. कसलं वळण आणि कसलं काय! नाक चोंदलेलं होतं.

फोन करू नकोस. फोन दुकानात, सासूबाईंच्या गादीशेजारी असतो. पत्रच लिही.

तुझी संजू

*

परळ, २७ जानेवारी २०००

संजूबाई, आशीर्वाद आणि दोन धपाटे.

तुझं पत्र वाचून मी आणि तुझे भाऊजी पोट धरून हसलो. वास येतो म्हणून रडणारी पेशंट मी पहिल्यांदाच पाहिली. अगं, लोक वास यावा म्हणून देवाला नवस बोलतात!

सवय होते गं. नोकरीला लागले तेव्हा पहिला महिना मला वॉर्डात जेवण गेलं नाही. आता पू भरलेलं ड्रेसिंग करते, हात धुते आणि डबा उघडते. नाक शहाणं असतं, रोजचं झालं की कुरकुर सोडतं. तूही सोडशील.

आता कामाचं. मिठाच्या पाण्यानं नाक धुतेस ना? काळ्या खपल्या पडतील, किळस करू नकोस, पडू देत. आणि तो नाकात मारायचा फवारा एक दिवसही चुकवायचा नाही. ते मांस गवतासारखं असतं. वरून कापलं तरी औषध थांबलं की पुन्हा डोकं काढतं. डॉक्टरांनी मला दोनदा बजावलंय. बाटली संपायच्या आधी दुसरी आणून ठेव.

आणि महिपतरावांना नाक मुरडू नकोस. बायको घोरते म्हणून तिला मुंबईला आणून ऑपरेशन करवणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. लोक बायकोला माहेरी धाडतात. माणूस भला आहे.

आमच्याकडचे बोंबील संपत आलेत. तुझ्या भाऊजींना पानात बोंबील नसला की घर खायला उठतं. जमेल तसं पार्सल धाड.

तुझी ताई

*

महाड, २ मार्च २०००

ताई,

पार्सल पाठवणार नाही. का ते सांगते, पण आधी दुसरी गंमत सांगते.

गेल्या महिन्यात मी रोज सकाळी ओकायला मोरीत वाकलेली असायचे. कधी गोदामातल्या कुजक्या वासानं, कधी ह्यांच्या बनियनच्या. सासूबाईंनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी माझ्या हातातली बादली काढून घेतली. "बस गो खाली. जड उचलायचं नाय आता." मला कळेचना. मग चिंच आली, कैरीचं लोणचं आलं, देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला. नऊ वर्षांत ज्या बाईनं मला नावानं हाक मारली नाही, ती माझ्या केसांना तेल लावत बसली. मी नाही म्हटलं, ताई. "आई, तसं काही नाही, मला वास सहन होत नाही," असं म्हटलं. तर त्या आणखी खूश! म्हणाल्या, "तेच तर! महिपतच्या वेळेला मला पण वास चालत नव्हता." आता काय बोलू? पुन्हा सांगायचा धीर झाला नाही. डोक्यावर इतका मऊ हात या घरात मला कधी लाभला नव्हता.

आता ते दुसरं.

तू म्हणालीस तसं झालं. मासळीच्या वासाची मला खरंच सवय झाली. जवळा तव्यावर पडला की हल्ली तोंडाला पाणी सुटतं. पण त्याखाली जो वास होता तो जाईना. तो मासळीचा नाहीच. मी गोदामात जाऊन पोत्यापोत्याला नाक लावलं. मांजर हिंडते तशी हिंडत होते. आणि मग आठवलं. भाताला कीड पडली की आपला भैरूदादा जी पांढरी पावडर मारायचा, तिचा वास. त्या पावडरीची रिकामी पिशवी आपल्या तांबड्या शेळीनं चाटली होती. तोंडाला फेस येऊन पाय झाडत मेली. तेव्हा माझं नाक धड होतं, तो वास मी विसरणार नाही.

परवा संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मी जिन्यावरून पाहिलं. हे स्वतःच्या तोंडा-नाकाला रुमाल बांधून, फडक्यातून पावडर झटकत पोत्यांमधून फिरत होते. बोंबलावर, जवळ्यावर, सगळ्यावर. मी विचारलं. म्हणाले, "अळ्या लागतात. ढग आले की दोन दिवसांत पोतं वळवळतं. बाजारात सगळे मारतात. धुतलं की जातं."

ताई, आमच्याकडे घरी खायला वेगळी टोपली असते. मला नऊ वर्षं वाटलं, त्यात निवडक माल असतो. ती बिनपावडरीची टोपली आहे. त्यांना माहीत आहे, म्हणून तर वेगळी ठेवतात! आणि तुला दर वर्षी जे पार्सल जातं ते पोत्यातलं. आपल्या आईला जातं ते पोत्यातलं. मी माझ्या हातानं सुतळी बांधून दिलंय. 

डब्यात जे उरलं असेल ते फेकून दे. भाऊजींना रागावू देत.

संजू

*

परळ, १५ मार्च २०००

माझ्या लाडक्या संजू,

लबाड! "तसं काही नाही" काय? महिपतरावांनी आमच्या शेजारी फोन करून मला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज असा थरथरत होता की आधी मला वाटलं कुणी गेलं. नऊ वर्षांनी देवानं पाहिलं गं. मी वॉर्डभर पेढे वाटले.

ते पावडरीचं मनातून काढ. अशा दिवसांत नाक वेडं होतं. माझ्या वेळेला मला साबणाला मटणाचा वास यायचा. आणि व्यापारात थोडंफार सगळेच करतात, आमच्या इथे सफरचंदाला मेण लावतात. इतकी वर्षं आम्ही बोंबील खातोय, मेलो का? उगाच घरात वाद घालून आत्ता सासूचं मन मोडू नकोस. आत्ता तर मुळीच नको.

एक महत्त्वाचं. पहिल्या महिन्यांत फवारा मारावा की नाही, हे मला नक्की माहीत नाही. डॉक्टर रजेवर आहेत, आले की विचारते. तोवर बंद ठेवलेला बरा. महिपतरावांनाही फोनवर तसं सांगितलंय.

चांगलंचुंगलं खा. तुझे भाऊजी म्हणतात, भाचा होणार.

ताई

*

महाड, १० मे २०००

ताई,

भाचा नाही आणि भाची नाही. मार्च संपायच्या आतच पाळी आली, घरात सगळ्यांना कळलं. तुला कळवायचं मन झालं नाही.

सासूबाईंनी कोपऱ्यातली चिंचेची बरणी उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वांझेला डोहाळे लागलेले मी पयल्यांदा बगितले." तेलाची वाटीसुद्धा परत मागून घेतली. मला त्या तेलाचीच शिसारी आली. अंघोळ करून डोकं तीनदा धुतलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ताई, माझ्या नाकाची उजवी बाजू बंद झाली.

दिवस नाहीत हे कळलं त्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, फवारा आणा. म्हणाले, बघतो. मग म्हणाले, महाडात मिळत नाही. मग म्हणाले, मुंबईहून मागवलाय. एप्रिल असाच गेला. रात्री पुन्हा तोंड उघडं पडायला लागलं, सकाळी उशी लाळेनं ओली. मिठाच्या पाण्यानं धुते, पण पाणी उजवीकडून आत जातच नाही.

शेवटी परवा पिशवी घेऊन भाजीला निघाले आणि सरळ नझीरभाईंच्या औषधाच्या दुकानात शिरले, फवारा मागितला. ते खाली मान घालून बाटल्या पुसत राहिले. मी पुन्हा विचारलं. तर हळूच म्हणाले, "वहिनी, फवारा आहे की. नेहमी असतो. पण महिपतशेठनी सांगून ठेवलंय, वहिनी आल्या तर द्यायचा नाही, डॉक्टरनीच बंद केलाय. तुमची बहीण हॉस्पिटलात आहे ना, तिचं नाव घेतलं त्यांनी. मी घरातल्या गोष्टीत कसा पडू?" शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी तशीच परत फिरले.

घरी येऊन ह्यांना विचारलं. नाकबूल झाले असते तर बरं झालं असतं. जेवत होते, जेवतच राहिले. म्हणाले, "तुझं नाक बंद होतं तेव्हा या घरात कधी आवाज चढला नाही. मीच दुर्बुद्धीनं उघडून आणलं. आता आगोट आलीय, पावसाळ्याची बेगमी करायला वाड्यांवरची गिऱ्हाइकं उतरतील, आणि तू पोती हुंगत फिरतेस. घोरलीस तरी चालेल मला. घोरणं सोसवतं, हे नाही सोसवत."

आणि घरच्या टोपलीतला बोंबील मोडून तोंडात घातला.

या माणसाच्या शेजारी मी झोपते. मला आता त्याचा घाम, त्याचा भपका यांचं काही वाटत नाही. पण त्यानं शांतपणे बसून ठरवलं, की बायकोच्या नाकात मांस वाढू दे. सकाळ-संध्याकाळ वाट पाहिली, वाढलं का, वाढलं का. त्याची किळस मोरीत वाकून जात नाही.

डावी बाजू अजून उघडी आहे. फवारा पाठव.

संजू

*

परळ, १७ मे २०००

संजू,

हलकट माणूस! माझं नाव पुढे करून? मी तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं.

घरी येऊन मी डबा काढला. तू फेक म्हणाली होतीस, मी फेकला नव्हता, आता खोटं कशाला लिहू. डब्यात तोंड घालून वास घेतला. संजू, मला बोंबलाचा वास आला. फक्त बोंबलाचा. तुझ्या भाऊजींना दिला, त्यांनाही तेवढाच. मग डब्याच्या तळाशी बोट फिरवलं तर पांढरं पीठ लागलं, नखात बसलं. इतकी वर्षं मी ते मीठ समजत होते आणि पोरांना चाटू देत होते. सगळं जाळायला गेले, तर जाळायचीही भीती वाटली. पुरलं.

डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, लगेच फवारा सुरू करा, डावी बाजू वाचेल. उजवीला कदाचित पुन्हा दुर्बीण घालावी लागेल. दोन बाटल्या घेऊन एस.टी.च्या पार्सलनं महाड स्टँडवर पाठवल्यात, तुझ्या नावानं.

आणि मी महिपतरावांना फोन करून असं झापलंय की आठवण राहील. म्हटलं, औषध मी पाठवलंय, आता अडवून दाखवा.

कळव.

ताई

*

वरची वाडी, पोलादपूर, ४ जून २०००

ताई,

हे पत्र माहेराहून लिहितेय.

झापलंस ते बरं केलंस, पण पार्सल पाठवल्याचं त्यांना कशाला सांगितलंस गं? तुझा फोन ठेवला आणि ते चप्पल घालून स्टँडवर गेले. पार्सलच्या खिडकीवरचा माणूस ओळखीचा. नवऱ्याला द्यायला काय हरकत? दोन्ही बाटल्या आणून कपाटात ठेवल्या, त्याच चिंचेच्या बरणीशेजारी, आणि कुलूप लावलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आगोट संपेपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस. पाऊस लागला की दोन्ही बाटल्या तुझ्या."

मी एक रात्र विचार केला, खोटं सांगत नाही. नाक माझं, जीव माझा घुसमटतो. लोकांना काय, ते वर्षानुवर्षं खातातच आहेत. पण पावसाची बेगमी करायला जी पहिली टोळी उतरली, ती आपल्याच बाजूची. नात्याच्या बायका होत्या, शिवथरच्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे आपल्या दादाची रखमावहिनी, दोन पिशव्या घेऊन. सासूबाईंनी मला काट्याशेजारी बसवलं. वहिनी म्हणाली, "संजे, आमाला मोठं बोंबील दे गो, पोरांना आवडत्यात."

मी उभी राहिले आणि सांगितलं. सगळ्यांदेखत. पावडर कुठली, कधी मारतात, शेळी कशी मेली, घरात खायची टोपली कुठे ठेवतात. हे पुढे आले, मी बोलतच राहिले. सासूबाई ओरडल्या, मी आणखी मोठ्यानं बोलले. 

मग शिवथरच्या एका म्हातारीनं पोत्यात हात घातला, बोंबील नाकाशी नेला आणि म्हणाली, "कसला वास गो? मला तर नाय येत." दुसरीनं हुंगला. तिलाही नाही. तिसरी म्हणाली, "नाकाचं आपरेशन झालंय ना तिच्या, म्हनून असंल." कुणीतरी हसलं. रखमावहिनी माझ्याकडे बघेना. हळूच म्हणाली, "बाय, चार म्हयने वाट बंद असत्या. भाताबरोबर खायाचं काय? धुवून घेऊ चांगलं." आणि पिशवी काट्यावर ठेवली. ह्यांनी माझ्यादेखत भरून दिली, वर मूठभर जवळाही घातला.

मी चपला घातल्या आणि वहिनीच्या मागून एस.टी.त चढले. कपाट बंदच राहिलं.

इथे दादा म्हणाला, चार दिवस राहा, मग मी पोचवतो. मी म्हटलं, मी जाणार नाही. तो म्हणाला, मासळीच्या वासापायी कोण घर सोडतं? सगळी वाडी तेच म्हणतेय.

काल रात्री पान वाढलं. बोंबलाचं कालवण होतं. वहिनीनं खरंच चार पाण्यांनी धुतलं होतं, मी पाहिलं. ताट समोर आलं आणि तो वास आला, उकळून आणखी पसरलेला. पोरं भुरके मारत होती. धाकटा तर बोटं चाटत होता. मी उठले, चुलीवरचं टोप फडक्यानं धरलं, बाहेर नेलं आणि उकिरड्यात ओतलं. वर राख ओतली, कोंबड्या धावल्या त्यांना दगड मारून हाकललं. आत येऊन पोरांच्या पुढची ताटं उचलली. धाकट्यानं भोकाड पसरलं. वहिनी कपाळ बडवून रडली, दादा माझ्यावर धावून आला, आई मध्ये पडली. पोरं नुसता भात खाऊन झोपली. 

दोन पिशव्या अजून माळ्यावर आहेत. आज सकाळी आईनं टोप राखेनं घासलं, उन्हात ठेवलं आणि माझ्यापुढे धरलं, "बघ, गेला का वास?" गेला नव्हता. दादानं हुंगलं, वहिनीनं हुंगलं, पोरांनीही हुंगलं. कुणालाही काही आलं नाही. आई म्हणाली, "तुलाच येतोय, बाय."

उजवी बाजू गेली आहे. डावीतून आज पहाटेपासून शिट्टीसारखा आवाज येतो. फवारा आता शाळेतल्या गुरुजींच्या पत्त्यावर पाठव, माझं नाव घालू नकोस. आणि जमलं तर तू स्वतः ये, नर्सचे कपडे घालून ये. ही बाजू बंद झाली की मीही त्यांच्यासारखीच जेवायला बसेन, आणि मग त्या पिशव्या उतरवताना या घरात अडवणारं कुणी राहणार नाही.

संजू